वाढत्या अंगाचे

"कोणासाठी बघायचंय, ताई?"

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात चपला काढून गादीशी टेकलं की पहिला प्रश्न हा येतो. काय दाखवू, केवढ्यापर्यंत दाखवू, हे नंतरचं. यंदा दिवाळीच्या आधी तीन आठवडे मी पुण्यात लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग, मुंबईत दादरचा रानडे रोड आणि अधूनमधून एखादा मॉल अशी नुसती हिंडत होते. जुन्या दुकानांत हा प्रश्न सगळीकडे ऐकला. मॉलमध्ये तो कोणी विचारत नाही. तिथे उत्तर आधीच भिंतीवर लावलेलं असतं. तान्ह्या बाळांचा कोपरा, शाळकरी पोरांचा कोपरा, जीन्सची भिंत, ऑफिसचे शर्ट, आणि सरकत्या जिन्याच्या मागे कुठेतरी काका-काकूंचा विभाग, ज्याच्यावर तसं लिहिलेलं मात्र कधीच नसतं.

मला शोधायचं होतं ते एवढंच की कपडे विकणारा माणूस गिऱ्हाइकाचं वय ओळखतो कसं, आणि ओळखल्यावर त्या वयाचं करतो काय. पहिल्या भागाचं उत्तर गादीवरच मिळालं. हाकेवरून. साडीच्या दुकानात नव्या पोराला आधी घड्या घालायला शिकवतात आणि मग हाका मारायला. केस पिकलेले असले तरी ताई. सोबत कॉलेजातली मुलगी असली तरी आईला ताई आणि मुलीलाही ताई. आजी म्हणायचं ते फक्त कडेवर नातवंड असेल तर. काकू मात्र चुकूनही नाही. माझ्यासमोर एका नवख्या पोराच्या तोंडून 'काकू' निसटलं. समोरच्या बाईंनी उलगडलेल्या नऊ साड्या तशाच ठेवल्या आणि 'बघते नंतर' म्हणून त्या उठल्या. पोराला काय चुकलं ते कळलं नाही. गल्ल्यावरच्या मालकांना कळलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं.

बड्या ब्रँडांच्या कचेऱ्यांत ज्याला वयोगटानुसार बाजारपेठेची विभागणी म्हणतात आणि ज्यासाठी लाखो रुपये मोजून पाहण्या करतात, ती विद्या ही एवढीच आहे, असं मी म्हणणार नाही. पण तिचं मूळ मात्र इथे आहे. माणसाला त्याच्या खऱ्या वयाची हाक मारायची नाही.

माझ्या लहानपणी याच्या उलट होतं. आमचे कपडे शिवायला टाकताना आई शिंप्याला एकच गोष्ट दोनदा सांगायची: वाढत्या अंगाचं शिवा. फ्रॉकच्या खाली चार बोटांची दुमड, बगलेत मार्जिन, कमरेला आतून दोन टिपा. पहिल्या दिवाळीला तो फ्रॉक खांद्यावरून घसरायचा, दुसऱ्या दिवाळीला अंगाबरोबर बसायचा आणि तिसऱ्या वर्षी दुमड उसवून खाली सोडली की घेरावर एक गडद पट्टा उमटायचा, कारण तेवढ्याच कापडाला ऊन लागलेलं नसायचं. त्या पट्ट्यावरून वर्गातल्या कोणाही मुलीच्या फ्रॉकचं वय सांगता यायचं. धाकट्या भावंडांना तर अंगाला बसणारा नवा कपडा ही गोष्ट मुंजीत किंवा लग्नातच माहीत.

आणि अगदी पहिला कपडा तर नवाही नसायचा. आजीचं नरम झालेलं लुगडं फाडून त्याची झबली, दुपटी, लंगोट. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं कापड सगळ्यात लहान अंगावर. यात विकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या वयाला बाजारही नव्हता.

तो बाजार उभा करण्याचं काम पुढे ज्यांनी केलं त्यांतलं एक नाव पुण्याचंच. फर्स्टक्राय २०१० साली पुण्यात सुरू झाली. तान्ह्या बाळांच्या वस्तू इंटरनेटवरून विकायच्या ही कल्पना तेव्हा धाडसाची होती, कारण डायपरच्या पुडक्यावर सुटणारा पैसा तो किती. पण त्यांनी एक फार हुशारीची गोष्ट केली. प्रसूतिगृहांशी बोलून बाळंतिणीला भेटीचा डबा द्यायला सुरुवात केली. त्यात थोडं तेल, साबण, डायपर असा नमुन्यांचा माल आणि सवलतीची कुपनं. म्हणजे बाळाच्या कानात नाव पडायच्या आधी दुकानाचं नाव आईच्या कानात. पुढे ॲपवर बाळाची जन्मतारीख भरली की काम झालं. इतर कुठल्याही दुकानदाराला गिऱ्हाइकाचं वय अंदाजाने ओळखावं लागतं. इथे आई ते स्वतः, तारखेसकट, आनंदाने लिहून देते.

तान्ह्या वयात बाजार वर्षं मोजत नाही, महिने मोजतो. शून्य ते तीन, तीन ते सहा, सहा ते नऊ. माणसाच्या आयुष्यात परत कधीही कपडेवाला त्याच्याकडे इतक्या बारकाईने बघत नाही. पण या लेबलांवर एकाही आईचा विश्वास नाही. दादरला एका दुकानात मी तासभर बसले, तेवढ्यात आलेल्या प्रत्येक बाईने 'चार ते पाच वर्षे' असं लिहिलेला कपडा हातात घेऊन मुलाच्या पाठीला लावला आणि 'याच्या पुढचा द्या' म्हटलं. जुन्या दुकानांत अजून नंबर चालतात, वीस नंबर, बावीस नंबर, चोवीस नंबर. तिथेही तेच: बावीस बसतोय ना, मग चोवीस द्या. शाळेच्या गणवेशाचं तर विचारायलाच नको. जूनमध्ये पहिलीतली पोरं खांद्यापासून गुडघ्यापर्यंत नुसती गणवेशात ठेवल्यासारखी दिसतात. शिंपी गेला, दुमड गेली, मार्जिन गेलं. वाढत्या अंगाचं घ्यायची खोड गेली नाही.

मात्र पैसे देणारं अंग आणि घालणारं अंग यांच्यात आता तिसरा माणूस शिरलाय. तो कपड्यावर छापलेला असतो. छोटा भीम, स्पायडरमॅन, निळ्या झग्यातली एल्सा. चार वर्षांच्या मुलीला कापड सुती आहे की टोचणारं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, तिला एल्सा पाहिजे असते. आणि मग एका सकाळी ती सात वर्षांची होते आणि एल्साचा फ्रॉक बघून म्हणते, हा लहान मुलांचा आहे. ते वाक्य माझ्या भाचीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी हसले होते. दुकानात हिंडताना कळलं की आठ ते बारा या वयाचा सगळा माल त्या वाक्यावर बेतलेला आहे. या वयाच्या मुलींचे टॉप हे मोठ्या बहिणीच्या टॉपची छोटी प्रत असतात: तीच खांदे उघडे टाकणारी बाही, तीच पोटावर गाठ. मुलाला एक नंबर पुढचा कपडा आई देते. एक वय पुढचा कपडा ब्रँड देतो.

याच्यावर कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले, त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी वेगळ्या अटी आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमकी गाठणारी जाहिरात करायला मनाई केली. पण हे नियम जाहिरातीचे आहेत. आईच्या फोनवर आईच्या नावाने दिसलेला फ्रॉक ही मुलीला केलेली जाहिरात ठरत नाही, आणि दुकानातल्या हँगरला तर कुठलाच कायदा लागू नाही.

आता तेरा ते बावीस. या वयाबद्दल सगळेच एवढं बोलतात की मी आखडतं घेणार होते. पण बाजाराचा सगळा जीव तिथे अडकलाय, त्यामुळे जरा थांबायलाच हवं.

हे वय बाजाराला सापडलं ते अमेरिकेत. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे 'सेव्हन्टीन' नावाचं मासिक निघालं, शाळकरी मुलींसाठी. त्यांनी वाचकांची पाहणी करून एक काल्पनिक सोळा वर्षांची मुलगी तयार केली, तिचं नाव टीना ठेवलं आणि कापडवाल्या-प्रसाधनवाल्या कंपन्यांपुढे तिची ओळख करून दिली: ही आमची टीना, हिच्याकडे खर्चायला पैसे आहेत, आणि हिला आईसारखं दिसायचं नाहीये. हे शेवटचं महत्त्वाचं. त्याच्या पंचवीस वर्षांनंतर, १९६९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत एका जोडप्याने जीन्स आणि गाण्याच्या तबकड्यांचं दुकान काढलं आणि दोन पिढ्यांत पडलेल्या अंतरावरूनच त्याचं नाव ठेवलं: गॅप. गंमत अशी की त्या दुकानात जीन्स घेणारी पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, आणि १९८६ मध्ये त्याच कंपनीने मुलांचे कपडे काढले. पुढे काही वर्षांत तान्ह्यांचेही. पिढ्यांच्या भांडणावर नाव ठेवलेलं दुकान आजी, मुलगी आणि नात तिघींना एकाच काउंटरवर घेऊन गेलं.

आपल्याकडे टीना आली ती जरा वेगळ्या वेषात. आपल्याकडच्या टीनाच्या हातात पैसे नव्हते. १९९५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिलने रफ अँड टफ नावाची जीन्स काढली, ती आठवते? तयार जीन्स नव्हतीच ती. एका पिशवीत डेनिमचं कापड, चेन, रिव्हेट, मागे लावायचं लेबल असा संच. किंमत १९५ रुपये. जाहिरातीत अक्षय कुमार. संच घ्यायचा आणि गावातल्या शिंप्याकडे द्यायचा. कंपनीने हेरलं होतं ते असं की तालुक्याच्या गावातल्या पोराला अक्षय कुमारसारखं दिसायचंय, पण बाप पैसे देणार आहे कापडाचे आणि शिलाईचे; रेडिमेडचे नाही. तरुण पोराची हौस आणि बापाचा हिशेब एका पिशवीत. माझ्या चुलतभावाने ती घेतली होती. आमच्या शिंप्याने ती इमानेइतबारे वाढत्या अंगाची शिवली. भाऊ दोन वर्षं ती खाली दुमडून वापरत होता, आणि दुमडलेली जीन्स हीच फॅशन आहे असं कॉलेजात सांगत होता.

आज तो हिशेब ९९९ वर आलाय. टाटांची लॅक्मे कंपनी १९९८ मध्ये हिंदुस्तान लिव्हरला विकली गेली, त्या पैशांतून सिमोन टाटांनी कपड्यांच्या दुकानांचा धंदा उभा केला, तोच ट्रेंट. आधी वेस्टसाइड, आणि गेल्या दशकात झुडिओ. झुडिओत सगळा माल हजाराच्या आत. ऑनलाइन विक्री नाही, टीव्हीवर नटी नाही, रस्त्यावर होर्डिंग नाही. २०२५ च्या मार्चअखेर त्यांची साडेसातशेहून जास्त दुकानं होती. त्याच्या आदल्या मार्चमध्ये साडेपाचशेच्या आत होती. वर्षभरात दोनशेच्या वर दुकानं. रिलायन्सने हे बघून २०२३ मध्ये यूस्टा काढलं, तरुणांसाठी म्हणून, किंमत तीच, हजाराच्या आत.

जाहिरात नाही म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. रविवारी संध्याकाळी अशा एका दुकानाच्या ट्रायल रूमबाहेर उभं राहिलं की जाहिरात दिसते. दोघी मैत्रिणी एका खोपटात शिरतात, सहा टॉप, सहा व्हिडिओ, आणि बाहेर येताना हातात टॉप एकच. बाकीचे पाच परत हँगरवर, पण सहाही इन्स्टाग्रामवर. हा प्रचार करायला कोणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. ज्या वयाला कोणी सांगितलेलं ऐकायचं नसतं त्या वयाला दुकानाने काहीच सांगायचं नाही, नुसता चांगल्या उजेडाचा आरसा लावून द्यायचा. इतकी अचूक चाल दुसरी मी पाहिली नाही.

पण त्या रांगेत मी मोजत होते ते दुसरंच. मैत्रिणी होत्या, जोडपी होती, आणि मुलींबरोबर आलेल्या आया होत्या. आया पैसे द्यायला आल्या होत्या. रांग पुढे सरकत होती तशी एकेका आईच्या टोपलीत मुलीच्या कपड्यांखाली घडी घालून सरकवलेली एखादी कुर्ती दिसायची. २९९ ची. विचारलं तर उत्तर तयार असणार: घरात घालायला.

पुरुषांचं थोडक्यात उरकते, कारण बाजारही त्यांचं थोडक्यात उरकतो. पुरुषाच्या आयुष्यात कपडेवाल्याला रस वाटेल असे दोनच क्षण: पहिली नोकरी आणि लग्न. लग्नाचा सूट हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सासऱ्याने घेतला. सूटपीस जावयाच्या हातात पडायचा, शिलाईचे पैसे वेगळे. हे लक्षात घेतलं तर ठाण्याच्या रेमंडने नव्वदच्या दशकात 'कम्प्लीट मॅन' म्हणून जो माणूस उभा केला तो कोणासाठी होता हे कळतं. रुबाबदार, पण हातात तान्हं मूल, डोळ्यांत माया. हा नवऱ्या मुलाला वाटतो तसा नवरा मुलगा नव्हे. हा सासऱ्याला हवा असलेला जावई. जाहिरातीमागे वाजणारी ती सगळ्यांना पाठ असलेली पियानोची धून जर्मन संगीतकार शूमानची, आणि ज्या रचनासंग्रहातली ती आहे त्याचं नाव 'बालपणीची दृश्यं'. तिशीच्या पुरुषाला कापड विकायला बालपणाची धून. हा योगायोग असेल तर फार सुरेख योगायोग आहे.

पुढे पैसे देणारा बदलला तशी जाहिरातही बदलली. कोलकात्याच्या मान्यवरने लग्नाचा शेरवानी-कुर्ता हा नवरदेवाने आणि त्याच्या मित्रांनी स्वतः, हौसेने, दुकानात जाऊन घ्यायचा कपडा करून टाकला. २०१७ मध्ये त्यांच्या जाहिरातीत विराट कोहली आणि अनुष्का शर्मा दुसऱ्याच कोणाच्या लग्नात एकमेकांना वचनं देताना दिसले आणि त्याच डिसेंबरात दोघांनी खरंच लग्न केलं. आता आमच्याकडच्या लग्नांत सोवळं-उपरण्यातले भटजी सोडले तर सगळे पुरुष जोधपूरचे दिसतात.

आणि चाळिशीनंतर? तो नाहीसा होतो. त्याची पॅन्ट आता 'कम्फर्ट फिट' असते. तिच्या कमरेत आत इलॅस्टिक असतं, बाहेरून दिसत नाही. कमरेचा आकडा वाढल्याचं लेबल सांगत नाही, कापड गुपचूप सामावून घेतं. आणि ती बहुतेक वेळा बायको आणते.

बायकांचं चाळिशीनंतरचं प्रकरण मात्र मोठं आहे, आणि ते मॉलमध्ये घडत नाही. रात्री साडेनऊला, जेवणं उरकून ओटा पुसून झाला की फेसबुकवर साड्यांचं लाइव्ह सुरू होतं. एखाद्या फ्लॅटचा हॉल, मागे पडदा, समोर गोल दिवा. साडी खांद्यावर टाकून एक बाई न थांबता बोलत असतात. "ताईंनो, हा बघा पदर, जवळून दाखवते, कॉपर जरी आहे, टोचत नाही. स्क्रीनशॉट काढा आणि व्हॉट्सॲप करा. एकच पीस आहे, ताई, नंतर म्हणू नका." खाली नावं सरकत असतात. कोणी जळगावहून, कोणी इंदूरहून, कोणी न्यू जर्सीहून, जिथे तेव्हा दिवस असतो. मी सलग पाच रात्री बघितलं. तिसऱ्या रात्री घेतली.

इथे कोणीच कोणाला वय विचारत नाही. साडी नेसून दाखवणारी बाई पंचेचाळिशीची, पोट असलेली, चष्मा लावलेली. मॉडेल आणि गिऱ्हाईक यांच्यात वयाचं अंतरच नाही, आणि मला वाटतं माल खपतो त्याचं कारण तेच आहे. बड्या ब्रँडांच्या जाहिरातीत पन्नाशीच्या बाईची साडी पंचविशीची मुलगी नेसते. ती बघून पन्नाशीची बाई म्हणते, हिला काय, काहीही शोभेल.

'वयाला शोभेल असं' या तीन शब्दांनी मराठी बायकांच्या कपाटाचा रंग ठरवला. तिशीपर्यंत लाल-हिरवं, चाळिशीला मोरपंखी-जांभळं, पन्नाशीला 'सोबर', साठीला बदामी. बाजार आता ही उतरंड उलटी लावू लागलाय. खण घ्या. गुळेदगुड्डचा खण म्हणजे आजीच्या चोळीचं कापड. त्याच्याकडे तरुण मुली वळूनही बघत नव्हत्या. गेल्या काही वर्षांत त्याची साडी झाली, आणि ती नेसून, नथ घालून, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत पोरी बुलेट चालवायला लागल्या. मग खणाचा कुर्ता, खणाची पर्स, खणाचा फ्रॉक. तुळशीबागेत तर आता शिवलेली नऊवारी वर्षांच्या हिशेबाने मिळते, एक वर्षापासून पुढे, मागे इलॅस्टिक, ओचा-काष्टा सगळं टिपांनी पक्कं. घरातल्या चौघांना एकाच थानातून कापलेलं मिळतं: आजीचं ब्लाऊजपीस, आईची साडी, मुलीचं परकर-पोलकं, बाबांचा कुर्ता. वेगवेगळ्या वयांना वेगवेगळं विकायच्या ऐवजी एकच कापड एकाच फोटोसाठी चार वयांना. एवढ्यावर दुकानदार फोटो काढून द्यायलाही तयार असतो.

या सगळ्या झगमगाटात एका कपड्याचा कोणी उल्लेख करत नाही, आणि महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत दुपारी दोन वाजता तोच अंगावर असतो. गाऊन. दादरला फुटपाथवर दोरीला टांगलेले, सुती, मोठ्या फुलांचे. याला होर्डिंग नाही, नटी नाही, इन्फ्लुएन्सर नाही. विकणारा फक्त तीन गोष्टी सांगतो: पुढे चेन आहे, रंग जाणार नाही, खिसा आहे. खिसा म्हटलं की बाई थांबते. लग्नाच्या शालूपासून जीन्सपर्यंत कोणीही तिला धड खिसा दिला नाही. बेल वाजली की गाऊनवर ओढणी घ्यायची, दार उघडायचं, पार्सलवाल्याकडून नवी साडी घ्यायची, दार लावायचं.

आणि तिच्या कपाटात एक खालचा कप्पा असतो. त्यात दोन कुर्ते, एक जीन्स, एखादा घट्ट झालेला ब्लाऊज. 'बारीक झाल्यावर घालीन' यासाठी. लहानपणी एक नंबर पुढचा घेत होतो. आता एक नंबर मागचा जपून ठेवतो. माझ्या कप्प्यातली जीन्स २०११ ची आहे.

मग पासष्ट. तिथे बाजाराची पट्टी संपते, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात दिली की ती कोणी बघितली याचा हिशेब वयाच्या गटांत मिळतो: १८ ते २४, २५ ते ३४, असे चढत चढत ५५ ते ६४, आणि शेवटचा ६५+. अठरा आणि पंचविशीत फरक करणाऱ्या यंत्राला पासष्ट आणि नव्वदीत फरक दिसत नाही. भारतीयांच्या अंगाची स्वतःची मापं तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाइझ' ही पाहणी हाती घेतली. तोवर आपले रेडिमेडवाले इंग्लंड-अमेरिकेच्या मापांवर काम भागवत होते. मुंबईसह सहा शहरं, पंचवीस हजार माणसं, त्रिमिती स्कॅनर. वयाची मर्यादा १५ ते ६५. म्हणजे पोक आलेली पाठ, आत वळलेले खांदे, वर न जाणारा हात यांचं माप नाहीच. २०२१ च्या अंदाजानुसार देशात दहातला एक माणूस साठीच्या पुढचा आहे; महाराष्ट्रात प्रमाण त्याहून थोडं जास्तच.

जपानमध्ये टोकियोत सुगामो नावाची एक आख्खी बाजारपेठ म्हाताऱ्यांची आहे. तिथलं एक दुकान लाल रंगाच्या अंतर्वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. साठी पूर्ण झाली की तिकडे लाल घालायचं; पुन्हा जन्मलो म्हणून, बाळाचा रंग. आपल्याकडे साठीशांत होते, होम होतो, नवी वस्त्रंही होतात, पण रंग बदामी.

आमच्याकडे अडचण मापाचीच आहे असंही नाही. सगळ्या ब्रँडांनी मिळून प्रयत्न केला तरी तीन शब्दांपुढे त्यांचं काही चालणार नाही. 'आता मला कशाला?' माझ्या आईने गेली वीस वर्षं प्रत्येक दिवाळीला हे म्हटलंय. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही भावंडांनी पैठणी घेतली. तिने ती दोन तास नेसली, जड होते म्हणून कुरकुरली आणि दुसऱ्या दिवशी कोणाला द्यायची याची यादी करायला घेतली.

यंदा तिला दुकानात घेऊन गेले. रिक्षातून उतरून, दोन पायऱ्या चढून, गादीशेजारच्या खुर्चीवर बसेपर्यंत पाच मिनिटं गेली.

"कोणासाठी बघायचंय, ताई?" गादीवरच्या गृहस्थांनी विचारलं. प्रश्न आम्हा दोघींना मिळून होता. माझी आई आणि मी एकाच दुकानात एकाच वेळी ताई झालो.

"हिच्यासाठी," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी माझ्यासाठी साड्या काढायला सुरुवात केली. मोरपंखी, जांभळी. मधूनच एक बदामी इरकल न विचारता आईच्या गुडघ्यावर टाकली. आईने ती अंगठा आणि बोटात चोळून बघितली, घडी केली आणि परत दिली. मग वरच्या फळीकडे हनुवटी उचलून म्हणाली, ती डाळिंबी काढा. हलकी आहे का? त्यांनी ती काढून तिच्या हातात दिली, वजन बघायला. ती बराच वेळ हातात घेऊन बसली होती.

ब्लाऊज शिवायला त्याच गल्लीतला तिचा जुना शिंपी. त्याने मापाचा ब्लाऊज उलटा करून बघितला. बगलेत आधीच्या टिपेच्या आत एक टीप होती, तिच्या आत आणखी एक.

"आजी, आत मार्जिन ठेवतो दोन इंच," तो म्हणाला.

"मार्जिन कोणासाठी?" आई म्हणाली. "आत घ्यायला लागतंय हल्ली. या मापाहून अर्धा इंच कमीच कर, आणि आणखी एक कच्ची टीप मारून ठेव. पुढच्या दिवाळीला लागेल."

शिंप्याने वहीत लिहून घेतलं. मग पेन्सिल कानावर ठेवून विचारलं, "खिसा?"

"ब्लाऊजला?" मी म्हटलं.

"आतून," आई म्हणाली. "लाव."